'वास्को द गामा युग' : दख्खनच्या बाजूनें परीक्षण

सरदार का. मा. पणिक्कर यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'एशिया अँड वेस्टर्न डॉमिनन्स' या ग्रंथांत इ. स. १४९८ ते १९४५ या काळास 'वास्को द गामा युग' असें नांव दिलें. समुद्रावरील सत्तेकडे आपल्या इतिहासकारांचें लक्ष वेधण्याचें मोठें कार्य या ग्रंथानें केलें, हें आम्ही आरंभींच मान्य करितों. परंतु साडेचार शतकांस एका सफरीचें नांव दिलें म्हणजे 'ती सफर झालीच नसती तर?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. जर-तरचा विचार म्हणजे इतिहास नव्हे, असें म्हणून तो टाळतां येत नाहीं. कारण वगळून पाहिल्यावांचून कारणाचें बळ कळत नाहीं. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरास ही कसोटी लावून पाहूं.

प्रथम व्यापार. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ पैठण हें भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, व तेर त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगतो. पैठणचे अकीकाच्या जातीचे दगड आणि तेरचें कापड गाड्यांतून भडोच बंदरीं जाई. गामाच्या पूर्वीं सुमारें तीस वर्षें निकितिन हा रशियन व्यापारी विकावयाचा घोडा घेऊन चौलास उतरला व जुन्नरवरून बेदरास गेला. खुद्द गामाच्या सफरीच्या समकालीन रोजनिशींत असें आहे कीं, कालिकत येथें त्याच्या माणसास ट्युनिसचे दोघे मुसलमान भेटले व ते कॅस्टिली आणि जिनोवाची भाषा बोलत होते. गामानें दक्षिण आफ्रिकेस वळसा घालणारी नवी वाट जोडली खरी. पण बंद दार उघडलें, असें म्हणतां येत नाहीं.

आतां हें नगर. १६१० सालीं खडकी वसविणारा मलिक अंबर हा जन्मानें हबशी. गुलाम म्हणून विकला जाऊन तो बगदादवरून दख्खनेंत आला, तो अरबांच्या जुन्या व्यापाराच्या वाटेनें. त्यानें राखलेल्या निजामशाहीचा दौलताबाद किल्ला १६३३ सालीं पडला, तो उत्तरेकडून आलेल्या मोगली फौजेपुढें. या दोन्ही घटनांचें मुख्य कारण शोधूं जातां गामाचें नांव घ्यावें लागत नाहीं.

मग गामास वगळल्यानें काय ढळतें? ढळतो तो परवाना. आमचें जहाज समुद्रांत सोडण्यास पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' लागूं लागला, ही गोष्ट नवी होती. निजामशहानें १५७०-७१ मध्यें चौलास वेढा घातला, तो निष्फळ झाला. १६१३ सालीं पोर्तुगीजांनीं जहांगीरच्या मातोश्रींचें 'रहीमी' जहाज धरलें. पुढें कान्होजी आंग्रे यांनींही आपलें दस्तक चालविलें, म्हणजे परक्यांची रीत त्यांच्यावरच उलटविली. तथापि येथेंही गामा हा पुरुष अपरिहार्य नव्हे. दियाश १४८८ सालींच आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून गेला होता, आणि पोर्तुगीज राजाचा हेर कोव्हिल्हाम तांबड्या समुद्राच्या वाटेनें मलबार पाहून गेला होता. गामा न येता, तर त्याच दरबारानें दुसरा कोणी धाडला असता.

तेव्हां आमचा आक्षेप इतकाच : पणिक्करांनीं किनाऱ्याची तारीख घाटावर चढविली. कोंकणास १४९८ नंतरचा काळ परवान्याचा काळ झाला. देशावर मात्र पुढील दोन शतकें जमिनीवरच्या फौजांनीं निकाल दिले.

हा वाद निबंधांनीं मिटणार नाहीं, कागदांनीं मिटेल. आमचे संग्राहक रुमाल सोडतांना सनदा व वंशावळी जपून ठेवितात आणि जकातीच्या याद्या, घोड्यांच्या खरेदीच्या चिठ्ठ्या, बंदरांचे दाखले रद्दींत टाकितात. किनारा व घाट यांचा खरा संबंध या चिठोऱ्यांतच आहे. ते जपावे, एवढी आमची विनंति आहे.