रॉक संगीत आणि चंगळवादापासून सुटका : ‘मनी’ या गाण्याचे परीक्षण

रॉक संगीत म्हणजे पैसा, प्रतिष्ठा आणि साचेबद्ध जगणे यांविरुद्धचे बंड, असे विधान तुम्ही अनेकदा वाचले असेल. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) या अल्बममधील ‘मनी’ हे गाणे घेऊन आपण ते तपासून पाहू.

गाण्याची रचना

गाणे सुरू होते ते शब्दांनी नव्हे, तर आवाजांनी. नाण्यांचा खणखणाट, फाटणारा कागद, गल्ल्याच्या यंत्राची खडखड. हे सात आवाज ध्वनिफितीचे तुकडे मोजून, जोडून पुन्हा पुन्हा फिरवलेले आहेत. त्यांतूनच गाण्याचा सात मात्रांचा ठेका उभा राहतो. रूपक तालामुळे सात मात्रा आपल्याला परक्या नाहीत; रॉकमध्ये मात्र चार मात्रांचा ठेका रूढ आहे.

वेगळा ठेका म्हणजे बंडखोरी, असे आपण चटकन म्हणू. इथे नेमके उलटे घडते. सात मात्रांचे हे चक्र पैशाच्या यंत्राचे आहे. निवेदक त्याच चक्रावर गाडी, विमान, फुटबॉलचा संघ मागत सुटतो. सॅक्सोफोनही त्यातच फिरतो. मग डेव्हिड गिल्मर यांची गिटार येते आणि ठेका चार मात्रांचा होतो. ऐकणाऱ्याला मोकळे वाटते. पण हा मोकळेपणा मिळतो तो सर्वांत रूढ ठेक्यात! शेवटच्या कडव्याला सात मात्रा परत येतात. म्हणजे गिटारीने दिलेली सुटका तात्पुरतीच आहे.

आक्षेप आणि उत्तर

‘पैशावर टीका करून यांनी पैसाच कमावला,’ हा आक्षेप खरा आहे. या अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या. परंतु हा विरोधाभास बँडला ठाऊक होता. ‘विश यू वर हिअर’ (१९७५) या पुढच्या अल्बममध्ये त्यांनी संगीताच्या धंद्यालाच लक्ष्य केले. त्याच्या मुखपृष्ठावर दोन माणसे हस्तांदोलन करतात आणि त्यांतला एक पेटलेला आहे.

तरीही ठाऊक असणे म्हणजे सुटणे नव्हे. ‘मनी’चे मोल वेगळे आहे. ते सुटकेचे खोटे आश्वासन देत नाही. आपण ज्या चक्रात आहोत त्याचा आवाज ऐकवते. ‘डार्क साइड’च्या मुखपृष्ठावरील लोलकाचे चित्र छापलेला टी-शर्ट तुम्ही पाहिला असेल, कदाचित विकतही घेतला असेल. तो घालताना आपण साच्याबाहेर पडतो, की नव्या साच्यात शिरतो?

स्वाध्याय : हे गाणे ऐकताना बोटांवर मात्रा मोजा. ठेका बदलतो त्या जागा शोधा आणि तिथे तुम्हाला काय जाणवले, ते दहा ओळींत लिहा.