३८४ आणि १२

आमच्या ग्रंथालयात जुन्या प्रबंधांचं एक वेगळं कपाट आहे. सिनॉप्सिस लिहायच्या आधी गाईडनी सांगितलं होतं, त्यातले जमतील तेवढे चाळ आणि तिसरं प्रकरण आधी वाच. तिसरं प्रकरण म्हणजे 'संशोधन पद्धती'. पाच-सहा प्रबंध झाल्यावर एक आकडा ओळखीचा वाटायला लागला : ३८४. विषय बँकेच्या ग्राहकांचा असो, बचत गटांचा असो की शिक्षकांवरच्या ताणाचा, नमुना ३८४. ज्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्यांचा आकडा वेगळा, पण तोही ठरलेला : १२. बारा मुलाखती, आणि पुढे एक वाक्य, 'त्यानंतर नवीन माहिती मिळणे बंद झाले'.

हे दोन आकडे मूळचे कुठले ते शोधायला बसले, आणि शोधता शोधता माझ्याच सिनॉप्सिसचं तिसरं प्रकरण मोडीत निघालं.

आधी ३८४. क्रेज्सी आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा एक छोटासा लेख आहे. त्यात एक तक्ता आहे, लोकसंख्या एवढी तर नमुना एवढा. लोकसंख्या दहा लाख असेल तर समोर लिहिलंय ३८४. तक्ता चुकीचा नाही. पण तो एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्हाला एकच गोष्ट मोजायचीय, किती टक्के लोक 'हो' म्हणतात. उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे झालं तरी चालणार आहे आणि ९५ टक्के खात्री पुरेशी आहे. 'हो'वाले किती निघतील याचा काहीच अंदाज नाही, म्हणून गणिताला सगळ्यात जड जाणारी शक्यता धरायची, निम्मे-निम्मे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक माणूस चिठ्ठी काढल्यासारखा निवडलेला हवा. हे सगळं जमलं तर ३८४.

आता कपाटातल्या प्रबंधांत काय असतं? गूगल फॉर्मची लिंक ओळखीच्या चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली असते. ३८४ फॉर्म भरून आले की लिंक बंद. यात चिठ्ठी कुठे आहे? ज्यांच्याकडे फोन आहे, वेळ आहे आणि संशोधकाबद्दल थोडी माया आहे, त्यांनी फॉर्म भरला. असे ३८४ गोळा करा नाहीतर ३,८४० करा, पाच टक्क्यांची ती हमी लागू होत नाही. 'सोयीचा नमुना घेतला' असं सरळ लिहिलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सोयीचा नमुना घेऊन वर तक्त्याचा शिक्का मारायचा, हे मात्र मला खटकतं.

गावांमधल्या सर्व्हेचं दुखणं वेगळं. समजा २४ गावं निवडली आणि प्रत्येक गावात १६ बायकांशी बोललात. झाल्या ३८४. पण एका गावातल्या बायकांचं पाणी एक, डेअरी एक, एसटीची वेळ एक. त्यांची उत्तरंही थोडीफार सारखी येणार. हा सारखेपणा ०.१ एवढा जरी धरला (गावांच्या बाबतीत हे फार नाही), तरी गणित सांगतं की तुमच्या ३८४ बायकांची किंमत चिठ्ठीने निवडलेल्या साधारण १५४ बायकांइतकी आहे. त्यातून पुढे 'भूमिहीन घरांतल्या बायका' वेगळ्या काढायच्या आणि त्या एक चतुर्थांश असतील, तर हातात उरल्या ९६. चिठ्ठीने निवडलेल्या असत्या तरी ९६ म्हणजे दहा टक्के इकडे-तिकडे. प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष बहुतेक वेळा अशाच एखाद्या उपगटावर उभा असतो.

पण माझी खरी तक्रार गणिताबद्दल नाहीच. आकडा आधी ठरला की सगळी धावपळ तो भरण्यासाठी होते आणि प्रश्न नीट आहे का हे बघायचं राहून जातं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः तेच केलं.

माझा विषय माणदेशातल्या दुभती जनावरं असलेल्या घरांमधल्या बायकांच्या कामाचा. पहिल्या फॉर्ममधला सातवा प्रश्न होता : 'आपण सध्या काम करता का? हो / नाही.' एका विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नावलीतून उचललेला, त्यामुळे 'प्रमाणित' वगैरे. चाचणीसाठी ३१ फॉर्म भरले. निम्म्याहून जास्त बायकांचं उत्तर 'नाही'.

त्यातल्या एका मावशींकडे मी अंगणात बसून फॉर्म भरत होते. सातव्या प्रश्नाला म्हणाल्या, "काम न्हाय करत बाई मी. घरीच असते." मी 'नाही'वर खूण केली. दहा मिनिटांनी त्या उठल्या. "थांब जरा, धारंची येळ झाली." दोन म्हशी होत्या. पेंड भिजवलेली होती, वैरण टाकली, धारा काढल्या, किटली डेअरीला पाठवली, शेण उचललं. तासाभराने परत येऊन बसल्या. मी विचारलं, "मावशी, हे काम नाही का मग?" हसल्या. "ह्ये व्हय? ह्ये घरचंच की."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तिकडे 'काम' म्हणजे कामाला जाणं. दुसऱ्याच्या रानात खुरपायला, नाहीतर रोजगार हमीवर. दिवस भरला, पैसे मिळाले, ते काम. डेअरीचं पासबुक मालकांच्या नावावर, म्हणून धंदा मालकांचा. मी पुस्तकातला 'काम' शब्द घेऊन गेले होते, त्यांनी त्यांच्या शब्दाचं उत्तर दिलं. असे ३८४ फॉर्म भरले असते तर तीच चूक ३८४ वेळा झाली असती, आणि एसपीएसएसने तिच्यावर काई-स्क्वेअरही काढून दिला असता.

ही फक्त माझ्या फॉर्मची अडचण नाही. देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात (पीएलएफएस) प्रत्येक माणसाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी व्यक्ती २१. फक्त घरकाम करणारी ९२. विकायच्या दुधासाठी म्हशी सांभाळणाऱ्या मावशी व्याख्येप्रमाणे २१ मध्ये बसतात. "घरीच असते" एवढंच ऐकून गणक पुढे गेला तर त्या ९२ होतात. २१ म्हणजे श्रमबलाच्या आत, ९२ म्हणजे बाहेर. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबल सहभाग या सर्वेक्षणात २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, २०२३-२४ ला ४१.७ टक्के. यातली किती वाढ खरी आणि किती विचारण्या-नोंदवण्यातली, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. त्यात मी पडत नाही. पण मावशींच्या अंगणात बसल्यापासून कुठल्याही बाजूचा लेख वाचताना माझा पहिला प्रश्न असतो, विचारलं नेमकं कसं होतं?

यावर एक छान प्रयोग झालेला आहे, टांझानियात. बर्दासी, बीगल, डिलन आणि सेरनील्स यांचा २०११ चा लेख. त्यांनी घरांचे चार गट पाडले. काहींना आधी चाळणीचे प्रश्न विचारले : शेतात काही केलंत का, विकायला काही बनवलंत का, मजुरीला गेलात का. काहींना थेट मोघम प्रश्न. शिवाय काही घरांत ज्याचं त्याने उत्तर दिलं, काही घरांत दुसऱ्यानेच सगळ्यांचं सांगितलं. चार पद्धतींमध्ये श्रमबल सहभागाचा आकडा दहा टक्के-बिंदूंपर्यंत हलला. देश तोच, फक्त विचारण्याची तऱ्हा वेगळी.

हा लेख उघडताना मी मनात निकाल ठरवून बसले होते : नवरा किंवा सासरे उत्तर देतात, म्हणून बायकांचं काम गायब होतं. लेखाने तसं म्हटलं नाही. चाळणीचे प्रश्न नसले की बायकांचा सहभाग कमी दिसतो, हे निघालं. दुसऱ्याने उत्तर दिलं तर बायकांच्या कामाचे तास कमी निघाले, पण सहभाग कमी झाला तो पुरुषांचा! म्हणजे मी सासऱ्यांवर फोडत असलेलं बरंचसं खापर सातव्या प्रश्नावर, पर्यायाने माझ्यावर, फुटायला हवं होतं. टांझानियाचं माणदेशाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण सासरे बाजूला करून मावशींनाच विचारलं की झालं, हा माझा भाबडेपणा गेला. विचारलं तर मावशींनाच होतं ना!

मग 'काम करता का' हा शब्दच टाळून 'काल काय काय केलं' असं विचारायचं. राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षण (२०१९) हेच करतं. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद, मुलाखतीतून. या पद्धतीवर माझा जीव आहे. तरी तिचे आकडे वापरताना लोक कसे घसरतात तेही सांगायला हवं, कारण ही घसरण विश्लेषणातली आहे.

सगळीकडे छापून आलं की बिनपगारी घरकामात बायका दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. म्हणजे साधारण तिप्पट. पण हे आकडे 'सहभागी' लोकांचे आहेत, त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांचे. बायकांपैकी ८१.२ टक्क्यांनी केलं, पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी. ज्या पुरुषांनी कपबशीही विसळली नाही ते ९७ च्या हिशोबात नाहीतच. सगळ्यांना धरून गुणाकार करा : बायका साधारण २४३ मिनिटं, पुरुष साधारण २५. तिप्पट नाही, जवळजवळ दहापट. दोन्ही सरासऱ्या बरोबर आहेत. 'घरकाम करणारा पुरुष किती वेळ करतो' याचं उत्तर ९७, आणि 'पुरुष घरकाम किती करतात' याचं उत्तर २५. आपला प्रश्न कुठला हे ठरवल्याशिवाय पहिली सरासरी उचलली की विश्लेषण तिथेच बिघडलं, पुढे कितीही भारी रिग्रेशन लावा.

आता १२. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा लेख. दोन पश्चिम आफ्रिकी देशांतल्या स्त्रियांच्या ६० सखोल मुलाखती त्यांच्याकडे होत्या. किती मुलाखतींनंतर नवीन संकेत मिळायचे जवळपास थांबले, हे त्यांनी मागे वळून मोजलं. पहिल्या बारांत. पण त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या, सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारले होते आणि विषय मर्यादित होता. हे लेखकांनी स्वतः लिहून ठेवलंय. शिवाय त्यांनी ६० घेऊन मग १२ म्हटलं. आपण १२ घेऊन थांबतो आणि 'नवीन काही मिळेना' म्हणतो. तेरावी घेतलीच नाही तर कळलं कसं?

मुलाखतींच्या विश्लेषणात तर 'थीम्स समोर आल्या' हे वाक्य शिक्का बनवून ठेवल्यासारखं असतं. ब्रॉन आणि क्लार्क यांची, म्हणजे ज्यांचा २००६ चा लेख या पद्धतीसाठी हमखास दाखवला जातो त्यांचीच, या वाक्याला हरकत आहे. थीम्स ओट्यावर मांडून ठेवलेल्या नसतात, त्या संशोधक तयार करतो आणि कशा केल्या ते त्याने सांगायचं असतं. त्या लेखाचा हवाला देऊन त्यात नाकारलेलं वाक्य लिहिणारे प्रबंध मी एकाहून जास्त पाहिलेत. बहुतेक ठिकाणी मुलाखत म्हणजे सर्व्हेच्या ताटातलं लोणचं. तक्ते संपले की शेजारी दोन चटकदार उद्गार.

मला वाटतं क्रमच उलटा हवा. माझी प्रश्नावली मावशींसारख्या बायकांशी तास-दोन तास बोलून झाल्यावर व्हायला हवी होती. अर्धा-अर्धा तास त्यांच्या डोक्यात नसतो. त्यांचा दिवस नळाच्या पाण्यावर, डेअरीच्या गाडीवर आणि शाळेच्या घंटेवर बेतलेला असतो. 'गाडी यायच्या आधी काय केलं' असं विचारलं की उत्तरांचा धबधबा सुरू होतो. हे कुठल्या तक्त्यात मिळणार?

मागच्या महिन्यात सल्लागार समितीपुढे हे सगळं मांडलं. एका सरांनी शांतपणे ऐकून विचारलं, "ते ठीक आहे, पण नमुना ३८४ का नाही?" मी २४ गावांचं गणित फळ्यावर मांडलं. पाच टक्क्यांची हमी खरंच हवी असेल तर तेवढ्याच सारखेपणाला ९६० बायका लागतील, आणि एकटीने, आदल्या दिवसाची नोंद घेत, ते होणार नाही. म्हणून कमी गावं, गावात घरांची यादी करून चिठ्ठ्या, आणि चूक किती पडते ते उघडपणे लिहायचं, असं म्हटलं. सरांना पटलं असं दिसलं नाही. 'लेखी द्या' म्हणाले. दिलंय.

सातव्या प्रश्नाचे आता चार प्रश्न झालेत आणि 'काम' हा शब्द चौथ्यात येतो. ते ३१ फॉर्म नव्या फॉर्मांत मिसळता येणार नाहीत, ते 'चाचणी' म्हणून तिसऱ्या प्रकरणात राहतील, मावशींच्या 'नाही'सकट. सखोल मुलाखती १४ झाल्यात. चौदावीत एका बाईंनी पहिल्यांदा सांगितलं की त्यांनी डेअरीचं पासबुक स्वतःच्या नावावर करून घेतलंय, आणि माझी सगळी कोडिंग शीट परत उघडावी लागली.