मुखवट्याची आतली बाजू

गिरगावच्या खोताच्या वाडीत एका घरी आशीर्वादासाठी गेलो असता दिवाणखान्याच्या भिंतीवर एक काळाभोर लाकडी मुखवटा दिसला. बोटीवर नोकरीस असलेल्या आजोबांनी तो पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाऊन बंदरातून आणलेला. ‘‘फादर, हे भूत घरात ठेवावं का?’’ सूनबाईंनी विचारले. चिरंजीवांना त्याची किंमत हवी होती.

आम्ही तो खाली उतरवून घेतला. उंच कपाळ, अर्धवट मिटलेले डोळे, इवलेसे बंद तोंड, मानेवर वळ्या : सिएरा लिओनमधील मेंडे लोकांचा हा ‘सोवेई’. केसांच्या रेषांत कारागिराचा हात सफाईने फिरला आहे. कान मात्र घाईने उरकलेले. हा मुखवटा चेहऱ्यावर बांधत नाहीत, शिरस्त्राणासारखा डोक्यावर चढवतात. कोरणारा पुरुष, पण घालून नाचणारी स्त्री. अशी प्रथा जगात विरळाच. मुलींना प्रौढत्वाची दीक्षा देणाऱ्या ‘सांदे’ या स्त्रियांच्या मंडळाचा तो आत्मा. त्यात भूत नाही, एका समाजाने कल्पिलेली आदर्श स्त्री आहे. मात्र त्याच दीक्षेत मुलींच्या गुप्तांगावर शस्त्र चालवले जाते, हे सौंदर्याच्या भरात विसरणे आम्हांस मान्य नाही. त्या बंद तोंडाकडे मग निराळ्या नजरेने पाहावे लागते.

मुखवटा पाहावा तो उलटा करून. प्रवाशांना विकण्यासाठी कोरलेला माल आतून कोरडा, छिन्नीच्या खुणांनी खरखरीत असतो. (दलाल झीजही नकली करतात, हा भाग वेगळा.) येथे राफिया ताडाच्या तंतूंचा काळा झगा जोडण्याची कडेची भोके झिजलेली होती आणि आतले लाकूड डोक्याच्या घर्षणाने गुळगुळीत झाले होते.

जव्हार-मोखाड्याकडील बोहाडा आम्ही पाहिला आहे. तेथील मुखवटे बहुतेक कागदाच्या लगद्याचे. पलित्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर सोंग डुलू लागले की त्या लगद्यात जीव येतो. तोच मुखवटा शहरातील दुकानात खिळ्याला टांगलेला पाहिला, तर ओळखू येत नाही. १९२५ साली रोममध्ये भरलेल्या मिशन प्रदर्शनात आपल्या धर्मसभेनेही जगभरच्या अशा वस्तू मांडल्या, पुष्कळशा ठेवूनही घेतल्या. त्यामुळे दुकानदाराला दोष देताना आमची जीभ अडखळते.

सूनबाईंना आम्ही खिळा काढावयास सांगितले नाही. चिरंजीवांना मात्र आतून बोट फिरवून पाहा म्हटले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘फादर, हिचं डोकं माझ्या आईच्या डोक्याएवढंच असेल, नाही?’’