बुजऱ्या बातमीदाराचे मौन

बातमीदार म्हटला की धीट, बोलका, कोणत्याही दारातून आत शिरणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. चारचौघांत ज्याची जीभ अडखळते त्याने या वाटेला जाऊच नये, असा आपला सर्वसाधारण समज आहे. या समजाची पारख करायची झाल्यास आर. के. नारायण (१९०६-२००१) यांच्याकडे वळावे. ‘मालगुडी’चे जनक आणि व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचे थोरले बंधू म्हणून मराठी घरांना ते परिचित आहेत. परंतु हा स्वभावाने संकोची लेखक तरुणपणी म्हैसूरमध्ये वार्ताहर होता आणि त्या उमेदवारीची खूण त्याच्या साहित्यावर अखेरपर्यंत राहिली, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

‘माय डेज’ (१९७४) या आत्मकथनात नारायण यांनी त्या दिवसांचे मोठे मिस्कील वर्णन केले आहे. शिक्षकाची नोकरी टिकली नव्हती, लेखनातून पैसा येत नव्हता आणि विवाह तर झालेला होता. तेव्हा मद्रासच्या ‘द जस्टिस’ या पत्राचे वार्ताहरपद त्यांनी पत्करले. मोबदला मिळायचा तो छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर. सकाळी नऊला पायी निघायचे. बाजार, न्यायालय, पोलीस ठाणे, नगरपालिका पालथी घालायची आणि दुपारच्या जेवणापूर्वी निदान दहा इंच बातमी गोळा करायची. मग ती टंकलिखित करून टपाल निघण्याआधी पाकीट पोस्टात टाकायचे. संकोची माणसाला ही रोजची परीक्षाच! पण ज्याला स्वतः बोलण्याची हौस नसते, त्याच्यापाशी इतरांच्या बोलण्याला भरपूर जागा असते. हरतऱ्हेच्या माणसांशी आलेला हा संबंध आपल्याला शिकवून गेला, असे नारायण यांनीच नमूद केले आहे.

त्या शिक्षणाचे फळ पाहायचे तर ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) या पहिल्या कादंबरीतील एक प्रसंग पाहावा. तिचे हस्तलिखित प्रकाशकापर्यंत पोहोचवले ते ग्रॅहम ग्रीन यांनी. ग्रीन यांनीही नॉटिंगहॅमच्या वृत्तपत्रात उमेदवारी केली होती आणि त्याच शहरात १९२६ साली ते कॅथलिक झाले होते. या कादंबरीतील मिशन शाळेत बायबल शिकवणारे एबेनेझर मास्तर कृष्णाची निंदा करतात. लहानगा स्वामी प्रश्न विचारतो आणि त्याचा कान पिरगाळला जातो. नारायण स्वतः मद्रासच्या लुथरन मिशन शाळेत शिकलेले. तरीही या पानांत राग नाही, सूड नाही. घडले ते लिहिले आहे, एवढेच. मिशन शाळांच्या सेवेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. म्हणूनच हा प्रसंग आपण टाळू नये. आवाज न चढवता केलेली ही नोंद एखाद्या जळजळीत टीकालेखाहून अधिक खोल जाते.

बातमीचे सामर्थ्य आणि तिचा धोकाही नारायण यांना पक्का ठाऊक होता. ‘द गाईड’ (१९५८) मध्ये राजूच्या उपवासाची वार्ता एक भटका वार्ताहर वृत्तपत्राला कळवतो. त्यानंतर नदीकाठी गर्दी लोटते आणि राजूला मागे फिरणे अवघड होऊन बसते. ‘टॉकेटिव्ह मॅन’ (१९८६) मधला मालगुडीचा बातमीदार तर नावाप्रमाणेच वाचाळ! त्याने गावात आलेल्या पाहुण्याविषयी दिलेल्या बातमीचा माग काढत त्या पाहुण्याची पत्नीच येऊन उभी राहते. कौतुकाने लिहिलेल्या चार ओळीही कोणाच्या आयुष्यात काय उलथापालथ करतील, याची जाण येथे दिसते.

तथापि या गुणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘द जस्टिस’ हे ब्राह्मणेतर चळवळीचे मुखपत्र, आणि त्याचा म्हैसूरचा वार्ताहर ब्राह्मण! सार्वजनिक जीवनातील विषमतेचा प्रश्न रोज हाताखालून जात असता, मालगुडीच्या कथाविश्वात तो क्वचितच केंद्रस्थानी येतो. ‘मिस्टर संपत’ (१९४९) या कादंबरीतील संपादक श्रीनिवासही अखेर अलिप्त शांतीकडेच झुकतो. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ साली या अलिप्ततेवर कठोर टीका केली. ती एकांगी वाटली तरी निराधार नाही. दुसऱ्याचे ऐकून घेणारे मौन ही नम्रता होय. पण अन्यायासमोर तेच मौन राहिले, तर त्याला नम्रता म्हणता येत नाही. सौम्यतेपायी काही प्रश्न विचारायचेच राहून गेले, ही नारायण यांच्या साहित्याची उणीव मान्य करावी लागते.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. १९८६ साली राज्यसभेवर नियुक्ती झाल्यावर हा अबोल लेखक तेथे बोलला तो शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याविषयी. वाकलेल्या पाठी सर्वांनाच दिसत होत्या. त्यांची बातमी मात्र त्याने केली.

आपल्या धर्मग्रामांतही कोपऱ्यात बसून सारे ऐकणारी मुले-मुली असतात. त्यांच्या हाती वही-लेखणी द्यावी. मात्र ती देताना हेही सांगावे की, कोणाचा कान पिरगाळला गेला तर ते लिहायला लाजू नकोस.