दूरचित्रवाणीवरील जादू : साक्ष आणि विश्वास

रंगमंचावरील जादूच्या प्रयोगात जादूगार फसवणार आणि प्रेक्षक फसणार हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असते, आणि या उघड संमतीमुळेच तिथली फसवणूक लबाडी न ठरता कला ठरते. या संमतीला एक अट मात्र जोडलेली असते : प्रेक्षकाला जे दिसते ते त्याच्यासमोर, त्याच जागी आणि त्याच क्षणी घडलेले असले पाहिजे. दूरचित्रवाणीवर ही अट आपोआप पाळली जात नाही, कारण तिथे प्रेक्षक कॅमेऱ्याच्या डोळ्याने पाहतो, आणि हा डोळा कुठे रोखायचा, चित्रण कुठे तोडायचे व कुठे जोडायचे हे प्रयोग सादर करणारेच ठरवतात. दूरचित्रवाणीवरील जादूविषयी जादूगार आणि सामान्य प्रेक्षक यांच्यात जो मतभेद वारंवार उफाळून येतो, त्याचे मूळ या बदललेल्या परिस्थितीत आहे.

जादूगारांच्या परिभाषेत प्रेक्षकाला जे अद्भुत दिसते तो 'परिणाम' आणि ते ज्या गुप्त मार्गाने साधले जाते ती 'पद्धत'. सामान्य प्रेक्षक परिणामावर लुब्ध होतो, तर जादूगाराची दृष्टी पद्धतीची साधेपणा, धाडस आणि सफाई या कसोट्यांवर पारख करते. त्यामुळे एकच प्रयोग या दोघांना अगदी वेगळा दिसू शकतो. हॉलंडचे फ्रेड कॅप्स हे जादूच्या जागतिक स्पर्धेत तीनदा सर्वोच्च पारितोषिक मिळवलेले कलावंत; जाणकार त्यांची गणना विसाव्या शतकातील श्रेष्ठ जादूगारांत करतात. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी 'द एड सलिव्हन शो'मध्ये त्यांचा प्रयोग झाला, पण त्याच भागात बीटल्स अमेरिकी दूरचित्रवाणीवर प्रथमच थेट गायले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांपैकी बहुतेकांच्या स्मरणात फक्त तेवढेच राहिले. जादूगार मात्र कॅप्स यांच्या चित्रफिती आजही अभ्यासासाठी पाहतात.

दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात जादूगारांनी साक्षीचा, म्हणजे दिसते ते खरोखर समोर घडले याची हमी कोण देणार, हा प्रश्न नेमका ओळखला होता. १९६० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'द मॅजिक लँड ऑफ अलाकझाम' या मालिकेत मार्क विल्सन यांनी स्टुडिओत प्रत्यक्ष प्रेक्षक बसवले आणि प्रयोग चालू असताना कॅमेऱ्याची करामत वापरली जाणार नाही, असे वचन दिले. स्टुडिओतील प्रेक्षकांना जे दिसते तेच घरी दिसावे, हा त्या वचनाचा अर्थ होता. त्याआधी, ९ एप्रिल १९५६ रोजी, पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमात यांत्रिक करवतीने आपल्या तरुण साहाय्यिकेचे दोन भाग करण्याचा प्रयोग केला. ती पूर्ववत झाल्याचे दाखवण्यापूर्वीच वेळ संपल्याने कार्यक्रम आवरता घेतला गेला आणि धास्तावलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी बीबीसीच्या तारा व्यापून गेल्या. थेट प्रक्षेपण हीच त्या धास्तीची पूर्वअट होती, कारण पडद्यावर दिसते ते याच क्षणी कुठेतरी खरोखर घडते आहे, यावर प्रेक्षकांचा पूर्ण विश्वास होता. या घटनेकडे केवळ घबराट म्हणून पाहणारा सामान्य वाचक आणि तो अर्धवट शेवट मुद्दाम साधलेला मानून वेळेच्या अचूक जाणिवेचा नमुना म्हणून पाहणारा जादूगार, हे दोघेही तिच्या एकेका बाजूचेच वर्णन करतात.

पुढील काळात परिणामाचा आकार वाढत गेला आणि साक्ष पातळ होत गेली. ८ एप्रिल १९८३ रोजी डेव्हिड कॉपरफिल्ड यांनी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा 'अदृश्य' केला तेव्हा बेटावर प्रेक्षकांचा एक छोटा समूह बसवलेला होता. घरी बसलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तो समूह साक्षीदार होता. जादूगारांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला : तिथे बसलेली माणसे खरोखर चकित झाली होती, की घरच्या प्रेक्षकासाठी उभारलेल्या देखाव्याचाच ती एक भाग होती? कारण जादूच्या व्यवसायात प्रेक्षकांत आपली माणसे पेरण्याची युक्ती जुनीच आहे, आणि आयत्या वेळी कानात सूचना देऊन एखाद्या प्रेक्षकाला सामील करून घेण्याची रीतही जादूगारांना परिचित आहे. रंगमंचावर अशा युक्तीला मर्यादा पडतात, कारण उरलेले शेकडो प्रेक्षक तिथेच असतात. दूरचित्रवाणीवर मात्र उपस्थित असलेला प्रत्येक माणूस पेरलेला असला, तरी घरी बसलेल्याला ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

१९९७ मध्ये एबीसी वाहिनीवर आलेल्या डेव्हिड ब्लेन यांच्या 'स्ट्रीट मॅजिक'ने हा वाद सर्वांत तीव्र केला. ब्लेन यांनी कॅमेरा जादूगाराच्या हातांवरून रस्त्यावरच्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे वळवला आणि जादूचा खरा विषय चकित होणारा माणूस आहे, हे सत्य या माध्यमात पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे मांडले. सामान्य प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले ते या कारणाने, आणि ते योग्यच होते. त्याच कार्यक्रमातील हवेत तरंगण्याच्या दृश्यावर मात्र जादूगारांनी कडाडून आक्षेप घेतला : रस्त्यावरच्या माणसांचे थक्क झालेले चेहरे एका साध्या प्रयोगाचे आहेत आणि घरच्या प्रेक्षकाला दिसणारी उंची स्वतंत्रपणे चित्रित करून संकलनात तिथे जोडलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप व्यावसायिक मत्सरातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका घटनेला दिलेली साक्ष दुसऱ्या घटनेच्या नावावर खपवली गेली, तर पडद्यावरची सगळीच साक्ष अविश्वसनीय ठरते, आणि ज्या माध्यमात काहीही शक्य आहे तिथे अशक्याला काही मोल राहत नाही.

फसवणुकीची दुसरी, अधिक गंभीर बाजू स्पष्टीकरणाशी संबंधित आहे. १९७३ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमात अतींद्रिय शक्तीचा दावा करणारे युरी गेलर आले. कार्सन स्वतः हौशी जादूगार होते आणि जादूगार जेम्स रँडी यांच्या सल्ल्याने सर्व वस्तू कार्यक्रमाच्या लोकांनीच पुरवण्याची दक्षता घेण्यात आली, तेव्हा गेलर यांना काहीच करून दाखवता आले नाही. जादूगारांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच निकालात निघाले; अनेक सामान्य प्रेक्षकांनी मात्र ते अपयशच दावा खरा असल्याची खूण मानले, कारण युक्ती असती तर ती नेहमीच जमली असती, असा त्यांचा तर्क होता. ब्रिटिश जादूगार डेरेन ब्राउन यांनी २००९ मध्ये ब्रिटनच्या लॉटरीच्या आकड्यांचे भाकीत थेट प्रक्षेपणात केल्याचे दाखवले आणि नंतरच्या कार्यक्रमात समूहाच्या सामुदायिक अंदाजातून ते साधल्याचा खुलासा केला. जाणकारांनी तो खुलासाही प्रयोगाचाच भाग मानला, पण अनेकांनी तो शास्त्र म्हणून स्वीकारला. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बाबा-बुवांचे 'चमत्कार' हातचलाखीने करून दाखवतात आणि त्यामागची युक्तीही उलगडतात. या परंपरेशी परिचित असलेल्या मराठी प्रेक्षकाला खोट्या स्पष्टीकरणाचा धोका वेगळा सांगावा लागू नये. परिणाम खोटा असणे ही जादूची प्रकृतीच आहे. जगाविषयीचे खोटे ज्ञान देणे मात्र त्या मूळ संमतीत बसत नाही.

कॅमेऱ्याच्या करामतीवाचून पडद्यावर जादू टिकणार नाही, हा निर्मात्यांचा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून नाही. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात चेंडू वर फेकण्याचा केवळ अभिनय करणाऱ्या जादूगाराची चित्रफीत दाखवली गेली. जादूगाराची नजर वर गेली तेव्हा चेंडू वर जाताना दिसल्याचे सांगणारे प्रेक्षक लक्षणीय प्रमाणात वाढले. म्हणजे लक्ष हवे तिकडे वळवण्याची कला पडद्यावरही तितकीच चालते. रिकी जे यांचा पत्त्यांचा प्रयोग डेव्हिड मॅमेट यांच्या दिग्दर्शनाखाली १९९६ मध्ये एचबीओवर आला, त्यातही एक माणूस, त्याचे हात, त्याचे बोलणे आणि समोर बसलेले मोजके प्रेक्षक एवढ्यावर सारी मोहिनी उभी होती.

दोन दृष्टींमधील अंतर कमी करण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न २०११ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या 'पेन अँड टेलर : फूल अस' या कार्यक्रमाने केला. येथे सहभागी जादूगाराने पेन आणि टेलर या दोन कसलेल्या जादूगारांना चकवायचे असते, आणि पद्धत ओळखली असेल तर पेन ती जाणकारांनाच कळेल अशा सांकेतिक भाषेत सूचित करतात. त्यामुळे गुपित फुटत नाही, तरीही पद्धतीलाही सौंदर्य असते याची जाणीव घरच्या प्रेक्षकाला होते. येथे पेन आणि टेलर समोर बसून पाहतात, आणि त्यांच्या नजरेसमोर जे टिकते तेच घरी दिसते, हे या कार्यक्रमाच्या प्रतिष्ठेचे खरे कारण आहे.

आज मोबाइलच्या पडद्यावर काही सेकंदांच्या जादूचा पूर आला असताना या कलेच्या समीक्षेने दोन्ही दृष्टींकडून एकेक गोष्ट घेतली पाहिजे. सामान्य प्रेक्षकाकडून हे घ्यावे की आश्चर्याचा अनुभव हेच या कलेचे साध्य आहे आणि केवळ पद्धतीच्या कौतुकात रमलेला जादूगार ते विसरू शकतो. आणि जादूगाराकडून हे घ्यावे की त्या आश्चर्याची किंमत पद्धतीवरच्या बंधनांमुळेच ठरते. त्यावरून एक साधी कसोटी मिळते : प्रयोगाच्या जागी उभ्या असलेल्या, कोणत्याही कटात सामील नसलेल्या माणसाला जे दिसले असते, तेच घरच्या प्रेक्षकाला दिसले का? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तेव्हाच पडद्यावरील फसवणुकीला जादू म्हणावे, आणि निर्मात्यांनी हे उत्तर प्रेक्षकाला स्पष्ट शब्दांत आधीच देणे हे त्यांचे कर्तव्य मानावे.