धांवणारीचें कर्तृत्व आणि आमचें कौतुक

कर्तृत्ववान् माणसाची स्तुति करतां करतां त्याचें कर्तृत्वच त्याच्या हातून काढून घ्यावयाचें, ही विद्या आमच्या समाजाला चांगलीच साधली आहे. कवि चांगला निघाला कीं आपण म्हणतों, ही सरस्वतीची कृपा; गवई चांगला निघाला कीं म्हणतों, ही पूर्वजन्मींची पुण्याई; आणि डोंगरांतल्या एखाद्या पाड्यावरची मुलगी धांवण्याच्या शर्यतींत देशापुढें आली कीं म्हणतों, डोंगर चढून व पाणी वाहूनच तिचे पाय असे झाले! तिन्ही वेळां आपण नम्रपणें मान लववितों, आणि तिन्ही वेळां प्रत्यक्ष श्रम करणारें माणूस मात्र बाजूस राहतें. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्याविषयीं २०१० सालापासून मराठींत जें लिहिलें गेलें आहे, तें वाचतांना हा विचार आमच्या मनांत वारंवार आला. त्या लेखनाचा परामर्श घ्यावा, आणि त्याच्या आड दडलेली मूळ कारकीर्द तिच्या स्वतःच्या गुणदोषांसह पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या लेखनाचा सांचा आतां वाचकांच्या चांगला परिचयाचा झाला आहे. आरंभीं सह्याद्रीचा एक उभा कडा. मग हरसूलच्या बाजूचा एक लहानसा पाडा. मग अनवाणी पायांनीं पाण्याचे हंडे वाहणारी एक मुलगी. आणि लगेच पुढच्या परिच्छेदांत त्याच मुलीच्या गळ्यांत पदक! हंडा व पदक यांच्यामध्यें जीं वर्षें गेलीं, त्यांत काय घडलें हें लेखक सांगत नाहीं. बहुधा त्याला तें विचारावेसेंही वाटलेलें नसतें. मुलगी पाणी वाहत होती व अनवाणी धांवत होती, हें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्या एका गोष्टीवर सारी इमारत उभी करण्यास आमची हरकत आहे.

त्यांना मिळालेलें 'सावरपाडा एक्सप्रेस' हें नांवही याच मासल्याचें आहे. त्या नांवानें एका आडगांवाची कीर्ति देशभर झाली, हा त्याचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आगगाडी रुळांवरून धांवते. तिचें वेळापत्रक दुसऱ्यानें आंखलेलें असतें, आणि थकवा म्हणजे काय हें तिला ठाऊकच नसतें. लांब पल्ल्याच्या धांवण्यांत तर थकवा हाच मुख्य विषय आहे. जिनें आपल्या श्वासाचा पै-पैचा हिशेब ठेवला, तिला हिशेबाची गरजच नसलेल्या यंत्राची उपमा द्यावयाची, हें कौतुक असलें तरी समजूतदारपणाचें नव्हे.

डोंगर आणि पाणी यांनींच धांवपटू घडतात, या उपपत्तीची परीक्षा पाहावयाची असेल तर सावरपाड्याहून दक्षिणेस, ठाणें जिल्ह्यांत सिद्धगडाच्या पायथ्याशीं यावें. भीमाशंकरच्या रानाला लागून उभा असलेला हा गड मुरबाड तालुक्यांत आहे. त्याच्या उत्तरेस शहापूर तालुका. सह्याद्रि तोच, पावसाळा तोच, आणि उन्हाळ्यांतली कोरडही तीच. महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या या टापूंत विखुरलेल्या आहेत, आणि तेथील स्त्रिया डोक्यावर हंडा किंवा मोळी घेऊन जे चढउतार रोज करतात, ते शहरांतल्या एखाद्या व्यायामपटूला आठवडाभरही निभणार नाहींत. शहापूर तालुक्यांत तर दैवाचा विनोद असा कीं, मुंबईची तहान भागविणारे भातसा व तानसा हे जलाशय तेथेंच आहेत, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. २००४ सालापासून जानेवारींत मुंबईस मॅरेथॉन भरते. तिच्या वाटेवर धांवणाऱ्यांच्या हातीं पाणी दिलें जातें. परंतु ज्या तालुक्यांतून मुंबईला पाणी जातें, त्या तालुक्यांतल्या मुली तेथें पहिल्या रांगेंत दिसत नाहींत. हंडा वाहून विजेत्या घडत असत्या, तर मुरबाड-शहापुरांतून त्यांची रांगच लागावयास हवी होती. ती लागलेली नाहीं, एवढी एक गोष्ट त्या उपपत्तीचा निकाल लावण्यास पुरेशी आहे.

सिद्धगडाच्या इतिहासांतही याच तत्त्वाचा दाखला आहे. २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना याच गडाच्या परिसरांत वीरमरण आलें. गडानें त्यांना आश्रय दिला. परंतु कोतवालांना गडानें घडविलें, असें कोणी म्हणणार नाहीं. माथेरानच्या एका सामान्य कुटुंबांतील मुलगा वकील झाला, त्यानें शेतकऱ्यांसाठीं शाळा काढल्या, धान्यकोठ्या उभारल्या, आणि त्या साऱ्या तयारीचा शेवट त्या रानांत झाला. डोंगर ओसरी देतो. घर माणसानेंच बांधावें लागतें.

तर मग सावरपाड्याच्या मुलीचें घर कोणी बांधलें? उत्तर साधें आहे, आणि म्हणूनच कदाचित् तें कोणाला लिहावेसें वाटत नाहीं. नाशिकला विजेंदर सिंग नांवाचे एक प्रशिक्षक होते. तेथें मैदान होतें. रोज पहाटे ठराविक अंतर ठराविक वेळांत कापण्याचा नेम होता. आणि हा नेम वर्षानुवर्षें चुकला नाहीं. पुढें तेल व नैसर्गिक वायु महामंडळाच्या नोकरीनें पोटाची विवंचना मिटली. याच प्रशिक्षकांच्या हाताखालीं मोनिका आथरे व संजीवनी जाधव याही धांवपटू तयार झाल्या, आणि त्यांतील मोनिका आथरे २०१७ सालीं लंडनच्या जागतिक स्पर्धेंत मॅरेथॉन धांवल्या. एकाच शहरांतून, एकाच गुरूकडून लागोपाठ अशा मुली निघतात, तेव्हां त्याला चमत्कार म्हणत नाहींत, शाळा म्हणतात.

या शाळेचें फळ २०१० सालीं दिसलें. दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत कविता राऊत यांनीं १०,००० मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धांत धांवपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री ती हीच. पुढच्याच महिन्यांत ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत त्यांनीं तेंच अंतर ३१ मिनिटें ५१.४४ सेकंदांत तोडून रौप्यपदक घेतलें. सुवर्णपदक केरळच्या प्रीजा श्रीधरन यांना ३१ मिनिटें ५०.४७ सेकंदांत मिळालें. दहा किलोमीटर धांवून अंतर पडलें तें एका सेकंदाहूनही कमी! वाचकांनीं हे आंकडे घाईनें ओलांडूं नयेत, कारण धांवणारीची खरी लेखनशैली यांतच आहे. धांवपट्टीच्या पंचवीस फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी सरासरी साडेशहात्तर सेकंदांची. पहिल्या फेरींत उत्साह आवरावयाचा, पंधराव्या फेरींत कंटाळा जिंकावयाचा, चोविसाव्या फेरीपर्यंत कांहीं शिल्लक ठेवावयाचें, आणि शेवटच्या फेरींत तें उधळून द्यावयाचें. हें पाय करीत नाहींत, बुद्धि करते. विलंबित ख्याल मांडतांना गवई जसा आपला दम राखतो, तसाच हा संयम आहे, आणि तो पाण्याच्या वाटेवर शिकतां येत नाहीं.

येथवरची कारकीर्द निर्विवाद आहे. पुढचा भाग, म्हणजे मॅरेथॉनचा, स्तुतिकारांनीं एक तर गाळला आहे किंवा हळहळ व्यक्त करून सोडून दिला आहे. आमच्या मतें खरी चिकित्सा येथेंच सुरू व्हावी. मॅरेथॉन म्हणजे दहा हजार मीटर चौपट करून होणारी शर्यत नव्हे. तिचें अंतर ४२.१९५ किलोमीटर. स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर साधारणपणें तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येते, आणि तेथून पुढें शरीराला चरबीच्या मंद आंचेवर चालवावें लागतें. तें शिकण्यास महिने नव्हेत, वर्षें लागतात. स्त्रियांना तर हें शिकण्याची परवानगीच उशिरां मिळाली. १९२८ सालीं अॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें ८०० मीटर धांवून कांहीं स्त्रिया थकलेल्या दिसल्या, तेवढ्यावरून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवण्यांत आली. पुरुष थकून पडले तर तो पराक्रम, स्त्री थकली तर ती अपात्रता! स्त्रियांची ऑलिंपिक मॅरेथॉन सुरू झाली ती १९८४ सालीं. असें असूनही १९८५ सालीं आशा अगरवाल यांनीं हाँगकाँगची मॅरेथॉन जिंकली आणि १९९२ सालीं सुनीता गोदारा आशियाई विजेत्या झाल्या, यावरून आमच्या स्त्रियांत सामर्थ्याचा तोटा नव्हता हें उघड होतें.

कविता राऊत या पल्ल्याकडे वळल्या त्या तिशींत. फेब्रुवारी २०१६ मध्यें गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत त्यांनीं २ तास ३८ मिनिटें ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली आणि रिओ ऑलिंपिकचें दार उघडलें. सहा महिन्यांनीं रिओ येथें त्यांना तेंच अंतर तोडण्यास २ तास ५९ मिनिटें २९ सेकंद लागले आणि क्रमांक आला १२० वा. किलोमीटरमागें सुमारें पावणेचार मिनिटांची गति सव्वाचार मिनिटांवर घसरली. त्याच शर्यतींत त्यांच्या सहकारी ओ. पी. जैशा ८९ व्या आल्या व शर्यत संपतांच कोसळल्या. वाटेंत आपल्या देशाच्या ठाण्यांवर पाणीही मिळालें नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. महासंघानें तें नाकारलें. चौकशीची भाषा झाली. आणि आमच्या वृत्तपत्रांतून चार दिवस पाण्याचाच वाद चालला. एका मुलीच्या बालपणीं पाणी हा काव्याचा विषय झाला, आणि प्रौढपणीं तोच भांडणाचा झाला. तिनें मॅरेथॉन कशी धांवावयाची ठरविली होती, हें दोन्ही वेळां कोणी विचारलें नाहीं.

आमचें मत आम्ही स्पष्टपणें सांगतों. रिओचें धांवणें अपयशी होतें, आणि तें तसें म्हणण्यांत कविताबाईंचा अपमान नाहीं. ज्या धांवपटूनें १०,००० मीटर बत्तीस मिनिटांच्या आंत काढलें, तिच्या मॅरेथॉनचें मोजमाप तीन तासांच्या आंत धांवल्याच्या समाधानानें करणें, हाच तिचा अपमान आहे. चूक असलीच तर ती उशिराची आहे: उत्तम धांवपट्टी जिच्या पायांत होती, तिला रस्त्याची दीक्षा पांच-सहा वर्षें आधीं मिळावयास हवी होती. परंतु ज्या समीक्षेला पाण्याचा हंडा व पदक एवढेंच दिसतें, तिला अशा उणिवा दिसत नाहींत. आणि ज्या उणिवा दिसत नाहींत, त्या भरूनही निघत नाहींत.

याच काळांत दुसरी एक मराठी धांवपटू नेमकी उलट वाटेनें गेली, म्हणून तिचा उल्लेख येथें अवश्य आहे. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर मूळच्या खो-खो खेळणाऱ्या. २०१२, २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें मुंबई मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत त्या पहिल्या आल्या. जानेवारी २०१५ मध्यें त्या जैशांच्या मागून दुसऱ्या आल्या. परंतु २ तास ३८ मिनिटें २१ सेकंदांचा त्यांचा वेळही तोंवरच्या जुन्या राष्ट्रीय विक्रमाहून सरस होता. रस्त्यावरची ही सत्ता हातीं असतांनाच त्यांनीं ३,००० मीटरची स्टीपलचेस अंगीकारली होती. अठ्ठावीस अडथळे व सात वेळां पाण्याचा खड्डा ओलांडण्याची ही शर्यत मॅरेथॉनहून सर्वस्वीं निराळी. २०१४ सालीं इंचॉनला कांस्य, २०१५ सालीं वुहानला आशियाई सुवर्ण, आणि २०१६ सालीं रिओला प्राथमिक फेरींत ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरींत दहावें स्थान, पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनीं भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या धांवपट्टीवर अंतिम फेरींत उभी राहिली. पुढें त्या राज्याच्या महसूल खात्यांत अधिकारी झाल्या. त्यांच्याविषयींही 'दुष्काळाची लेक' असें लिहिलें गेलें. दुष्काळ माण तालुक्यांतील प्रत्येक घरीं होता. पल्ला केव्हां बदलावा हा निर्णय मात्र एकीचा व तिच्या प्रशिक्षकांचा होता.

या दोन कारकीर्दी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे आमचा मुद्दा वाचकांस पटेल अशी आशा आहे. एकीला रस्ता उशिरां मिळाला, दुसरीनें तो वेळेवर सोडला. यशापयशाची कारणें डोंगरांत किंवा दुष्काळांत नाहींत. तीं मार्गदर्शनांत, वेळेच्या निवडींत आणि वर्षानुवर्षांच्या शिस्तींत आहेत. लहानपणच्या कष्टांनीं दम व काटकपणा येतो, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु तो काटकपणा पाड्यापाड्यांत आहे. दुर्मिळ आहे तें त्याला वळण लावणारें माणूस.

आणि म्हणूनच हा वाद केवळ शब्दांचा नाहीं. गरिबीच धांवपटू घडविते असें मानलें कीं, गरिबी दूर करण्याचें व मैदान बांधण्याचें दोन्हीं ओझीं आपल्या खांद्यावरून उतरतात. मग सिद्धगडाच्या वाड्यांतील मुलींनीं हंडे वाहत राहावें, आणि आपण पदकाची वाट पाहत बसावें! सावरपाड्याच्या मुलीला जें लाभलें तें कांहीं अलौकिक नव्हतें: एक जाणता गुरु, एक सपाट मैदान, पोटभर अन्न, नोकरीचा आधार, आणि दहा वर्षांचा धीर. मुरबाड-शहापुरांतल्या शाळांना यांपैकीं निम्मेंही देतां आलें, तर पुढच्या पिढींत कोणाच्या अनवाणी पायांचें काव्य लिहिण्याची गरज उरणार नाहीं. तोंवर कविता राऊत यांचा खरा सन्मान करावयाचा असेल, तर त्यांच्या हंड्याविषयीं थोडें कमी आणि त्यांच्या त्या पंचवीस फेऱ्यांविषयीं थोडें अधिक बोलावें.