चरित्रपटातील लेखणी कोणाच्या हाती?

राजकीय पुरुषाचे चरित्र पडद्यावर येते तेव्हा ज्या समाजातून तो पुरुष उभा राहिला त्या समाजाला कथेत कोणता अधिकार मिळतो, हा प्रश्न आपल्या चित्रपटसमीक्षेने बहुधा गौण मानला. नटाची मुद्रा मूळ पुरुषाशी कितपत जुळते आणि प्रसंगांची भव्यता कितपत साधली, एवढ्यावरच तिचा निवाडा होत आला. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ निर्माण करून वंचितांच्या शिक्षणाचा प्रश्न मराठी बोलपटाच्या केंद्रस्थानी आणला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु १९८२ च्या रिचर्ड अ‍ॅटनबरोकृत ‘गांधी’मध्ये तीन तासांहून अधिक काळ राष्ट्राचा इतिहास उलगडत असता डॉ. आंबेडकर एकाही दृश्यात दिसत नाहीत. आणि जब्बार पटेलांचा आंबेडकरांवरील चित्रपट पूर्ण व्हायला त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ जावा लागला. वगळणे हा या कलाप्रकाराचा पहिला दोष होय. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. त्यात नायकाला पडद्यावर आणले जाते, पण त्याचा शत्रू, त्याची मागणी आणि त्याची वाणी मात्र बदलून टाकली जाते.

हा दुसरा दोष पारखण्यास आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीइतके योग्य स्थळ नाही. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या पट्ट्यांची मागणी घेऊन येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी दप्तराने तेरा मृत्यू नोंदले, नागरी हक्क संघटनांनी तो आकडा साठाच्या पुढे असल्याचे सांगितले, आणि हुतात्म्यांच्या स्मरणार्थ तेथे स्तूप उभा राहिला. हीच मागणी त्याच्या चार दशके आधी गोंड नेता कोमरम भीमाने निजामी अंमलासमोर ठेवली होती. राखीव जंगलाच्या हद्दी आखून पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरून गोंड-कोलामांना उठवणारे वनअंमलदार आणि त्यांच्या पाठीशी असलेली महसुली सत्ता, हे त्याचे प्रतिपक्षी होते. १९४० मध्ये जोडेघाटला त्यांच्याशी लढताना तो मारला गेला.

अल्लाणी श्रीधर यांनी १९९० मध्ये त्याच्यावर केलेला तेलुगू चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला २०१० साल उजाडले. तर भीमाला एक नायक करणारा २०२२ चा एस. एस. राजामौलींचा ‘आरआरआर’ जगभर गेला. नायकाच्या बलाचे आणि मायेचे असे उत्कट दर्शन आदिवासी पुरुषाला क्वचितच लाभले, हे मोकळेपणाने मान्य करावे. तथापि जमिनीचा लढा त्यात एका अपहृत बालिकेच्या सुटकेसाठी दिल्लीत इंग्रज गव्हर्नराशी केलेल्या संग्रामात रूपांतरित होतो. शेवटी चित्रपटातला दुसरा नायक रामराजू भीमाला काय हवे ते विचारतो. भीम विद्या मागतो, आणि ‘जल, जंगल, जमीन’ ही अक्षरे रामराजूच्या हातून उमटतात. परंपरेने सांगितला जाणारा वृत्तांत याच्या नेमका उलट आहे: भीम चंद्रपूरकडे विठोबा नावाच्या मुद्रकाच्या आश्रयाने लिहा-वाचायला शिकला होता, आणि ती घोषणा त्याची स्वतःची होती. कथा कल्पित आहे असे दिग्दर्शकाने आरंभीच सांगितले हे खरे. पण कल्पनेने कोणाच्या हातून लेखणी काढून कोणाच्या हाती दिली, याचा जाब कल्पनेलाही द्यावा लागतो.

आणि हा प्रदेश अक्षरशून्य नाही. नारनूर मंडलातील गुंजाळा येथे गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते सापडली. भीमाच्या उठावानंतर निजाम सरकारने पाठवलेल्या मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने १९४३ मध्ये मारलवाईला गोंडी शिक्षकांचे केंद्र निघाले, तेव्हा पहिली पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या मुलखात मराठीचा वावर जुना होता. परधान भाट घरी मराठी बोलतात आणि यजमान गोंड कुळापुढे बसून तीन तारांच्या किकरीवर गज ओढीत त्याच कुळाची गाथा गोंडीत गातात. आपल्या वीरांचे चरित्र सांगण्याची ही सिद्ध परंपरा घराशी असता, चित्रपटकारांनी तिच्याकडून केवळ वेष आणि नृत्य उचलावे, हे कलादृष्ट्याही दारिद्र्याचे लक्षण होय. केस्लापूरची नागोबा जत्रा रंगीत पार्श्वभूमी म्हणून कॅमेऱ्यात सहज मावते. पण तिथला मेसराम कुळाचा मान आणि दरबारात मांडली जाणारी गाऱ्हाणी दाखवायची तर पटकथेतच जागा करावी लागते.

प्रतिनिधित्वाची कसोटी म्हणूनच चेहऱ्यांच्या गणतीवर संपत नाही. नायकाचा खरा प्रतिपक्ष कथेत टिकला काय, त्याच्या समाजाची भाषा पटकथेत बोलली काय, आणि तो समाज लेखनाच्या व दिग्दर्शनाच्या आसनावर बसला काय, हे तीन प्रश्न प्रत्येक चरित्रपटाला विचारले पाहिजेत. इंद्रवेल्लीच्या गोंडांनी भीमाचा वारसा जमिनीच्या हक्काच्या रूपाने चालवला आहे. त्याच्या चरित्राचा हक्कही पहिल्यांदा त्यांचाच आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय या कलेला भीमाचे सत्य गवसणार नाही.